पंधरा अँपिअरचं भांडण

सलीम,

आमच्या घरात लाइट नव्हती, तेव्हाचं तुला अर्धंच माहीत आहे. उरलेलं मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तुझ्यापुढं कमी दिसायचं नाही हे मी फार लवकर ठरवलं होतं.

बाबा दिवसभर दुसऱ्यांच्या ट्रकांचे, ट्रॅक्टरांचे, मोटारसायकलींचे दिवे पेटवायचे आणि संध्याकाळी अंधाऱ्या घरात यायचे. विजेचा खांब दोन गल्ल्या पलीकडं होता. मीटरचा अर्ज केला की उत्तर यायचं, ही वस्ती आमच्या कागदावर नाही. मग बाबा त्यांच्या वायरिंगच्या दुकानातून एक जुनी बॅटरी चार्ज करून, सायकलच्या कॅरिअरला ट्यूबनं बांधून घरी आणायचे. तिच्यावर ट्रकच्या इंडिकेटरचा पिवळ्या काचेचा बल्ब लावलेला. त्या पिवळ्या उजेडात कापसाच्या जिनिंगमधून आलेली आई भाकरी थापायची आणि मी अभ्यास करायचे. त्या उजेडात सगळंच भाजलेलं दिसायचं, त्यामुळं भाकर करपली की नाही हे आईला वासावरून ओळखावं लागायचं. बॅटरी उतरवून घ्यायचं काम माझं. तिच्यातल्या ॲसिडच्या पाण्यानं माझ्या शाळेच्या स्कर्टला भोकं पडलेली. वर्गातल्या पोरी हसायच्या. तू हसला नाहीस, कारण मागच्या बाकावर बसणारा, केसांत कापूस अडकलेला पिंजाऱ्याचा सलीम हे त्यांना हसायचं दुसरं कारण होतं.

बारावी सायन्सला आपण एकाच वर्गात होतो. फिजिक्सचा पेपर एकच, सर एकच, शिकवणी दोघांनाही नव्हती. मी पास झाले, तू नापास झालास. आमच्या घरात त्याआधी दहावी कोणी पाहिली नव्हती, आणि मी कॉलेजला जाणार होते. हे मी आजही मान वर करून सांगते, त्यात लाज कसली? बाबांनी गल्लीभर पेढे वाटले. त्याच आठवड्यात तुझे अब्बा दुकानात आले. लोक तयार गाद्या आणायला लागले होते, पिंजायचं काम सरलं होतं. ते म्हणाले, "भाऊ, या पोराच्या हाताले काही काम द्या." बाबांनी तुझ्या हातात पक्कड दिली.

मला अमरावतीची एस.टी. मिळाली आणि तुला माझे बाबा.

तू जाऊन आज एकवीस दिवस झाले. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. मी करते. सत्तावीस वर्षं केला, आता एकदम सोडला तर तूच विचारशील, "काय वं वंदी, बिमार पडली काय?"

सुट्टीत मी अमरावतीहून घरी यायचे, बाबा पाण्याचा तांब्या पुढं करायचे आणि पहिलं वाक्य असायचं, "आज सल्यानं काय केलं माहीत हाय काय?" तू डायनॅमो भरलास, तू कोणाच्या जीपचा शॉर्ट शोधलास, तू बाबांच्या डब्यातली मिरचीची भाजी संपवलीस. मी हॉस्टेलात काय खाते, हे कोणी विचारायच्या आत तुझं जेवण सांगून व्हायचं. बी.एस्सी. फर्स्ट क्लासमध्ये पास झाले तेव्हा मी मार्कशीट घेऊन तडक दुकानात आले. तू होतास तिथं. बाबांनी पँटला हात पुसले, मार्कशीट दोन कोपऱ्यांना धरून पाहिली, डाग पडेल म्हणून लगेच परत दिली. "ठेव जपून. मले काय समजते यातलं." आणि वळून त्यांनी तू बांधलेला वायरिंगचा गुच्छ उचलला, दोन्ही हातांनी, आणि एका ट्रॅक्टरवाल्यापुढं धरला. "पाहा भाऊ. एक तरी शेपटी बाहेर दिसते काय?"

मी पेढ्याचा पुडा तुझ्या टेबलावर ठेवला आणि घरी गेले.

मला शिकायचं होतं, सलीम. तुला वाटायचं मी भांडायलाच दुकानात येते. मला ते काम शिकायचं होतं. एकदा मी सोल्डरिंगची गन उचलली तर बाबांनी हातातून काढून घेतली. "हात काये करून घेतं काय? तुले कायले शिकवलं मंग?" ते प्रेम होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण दार तर बंदच झालं ना, आणि त्या दाराच्या आत तू होतास.

पुढं मी आपल्या कारंज्यातच ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागले. चारला कॉलेज सुटलं की दुकानात, गिऱ्हाइकांच्या बाकावर. बाकाच्या पलीकडं मला मज्जाव. तिथून मी तुझं काम बघायचे आणि जळायचे. रिठदहून कोणाचा तरी फोन यायचा, गाडीचा सेल्फ लागत नाही. तू म्हणायचास, "फोन गाडीजवय धरा अन् बटन मारा." डोळे मिटून ऐकायचास. "एकच टक आला? टर्मिनल घासा, चांगले. टकटकटकटक करते? बॅटरी उतरली. काहीच नाही? मंग क्लच दाबून पाहा, नाही तर बटन गेलं." आणि तसंच निघायचं. व्होल्टेज, करंट आणि रेझिस्टन्स यांचं नातं समजावायला मला तीन तास लागतात. तुला ते कानात होतं. बाबा माझ्याकडं बघून कौतुकानं मान हलवायचे, जणू मीच शिकवलं तुला!

फ्यूजचं प्रेम मात्र आपलं दोघांचं सारखं होतं, हे मान्य करते. तो इंझोरीचा माणूस आठवतो? फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यानं सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवली होती. आपल्याकडं ही रीतच आहे, फ्यूज उडाला की चांदी नाही तर तारेचा एक पदर. त्याच्या गाडीची सगळी वायरिंग सीटखाली वितळून गुळाच्या ढेपेसारखी झाली होती. तो तुलाच विचारत होता, "असं कसं जयलं हो? फ्यूज तर उडलाच नाही!"

तू त्याला स्टूल दिलंस. "फ्यूज मरते म्हून गाडी वाचते, भाऊ. तुमी फ्यूजले अमर केलं."

तो हसला, मी हसले, बाबा हसले. मग तू जळका गुच्छ मांडीवर घेऊन एकेक वायर सोडवत बसलास. त्या दिवशी मी तुला चांगलं म्हणणार होते. म्हटलं नाही.

मग धान्यबाजारातल्या शेठजींची गाडी आली. जुन्या मोटारसायकली नव्यासारख्या करून घ्यायची हौस इकडंही आली होती, आणि अकोल्या-यवतमाळहून लोक तुझं नाव विचारत यायचे. पण ही गाडी वेगळी. दोन सिलिंडरची जपानी, शेठजींच्या वडिलांनी मुंबई बंदरावरच्या लिलावात घेतलेली, मग कित्येक वर्षं धान्याच्या गोदामात पोत्यांमागं पडलेली. तिला त्या काळातही बटनाचा स्टार्टर होता. शेठजींचा गुडघा गेला होता, डॉक्टरांनी किक मारायला साफ मना केलं होतं. ते म्हणाले, "सलीमभाई, बटनावर चालू होत असेल तरच मला तिचा उपयोग. नाहीतर म्युझियमच."

इंजिन तुम्ही अकोल्याहून करून आणलं. वायरिंग उंदरांनी खाल्लेली, ती नव्यानं करायची होती. आणि तिथं आपलं भांडण लागलं.

"अख्खी गाडी एका फ्यूजवर?" मी बाकावरून विचारलं.

"कंपनीनं पंधरा अँपिअरचा एक देला. मंग एकच राहीन."

"म्हणजे हॉर्न शॉर्ट झाला की हेडलाइट पण जाणार. समोरून ट्रक येत असेल तर शेठजी काय उदबत्ती लावतील?"

"उस्ताद, ऐकता काय? तुमची पोरगी जपान्यायले शिकवाले चालली."

"चार लाव. दिव्याला वेगळा, हॉर्नला वेगळा, इग्निशनला—"

"म्याडम, जुनी गाडी जुनीच दिसली पायजे. आजीले जीन्स घालतं काय तू?"

"आजी पडू नये म्हणून काठी देतात की नाही?"

"आजीनं मांगितली तर देतात!"

बाबा खोकेपर्यंत हसले. कोणाच्या बोलण्यावर हसले ते मी नीट पाहून ठेवलं. तुझ्या.

त्यापुढचा रविवार. तू चुलतभावाच्या लग्नाला अकोल्याला गेला होतास आणि बाबा घरी झोपले होते. किल्ली माझ्याकडं होती. मी शटर उघडलं आणि पहिल्यांदा बाकाच्या पलीकडं गेले. सीटखाली चार फ्यूजची पेटी बसवली. आकृती काढून, रंग जुळवून, प्रत्येक सांधा ओढून पाहून. तीन तास लागले. काम सुंदर झालं होतं, हे मी आजही म्हणते. बॅटरीची निगेटिव्ह केबल तू मोकळी सोडली होतीस. ती मी फ्रेमच्या बोल्टला नवी वॉशर घालून आवळली आणि बटन दाबलं.

सेल्फ एकदा जड फिरला. आणि हँडलजवळ क्लचची केबल धुरायला लागली. धुरायला म्हणजे, आतली तार लाल झाली आणि वरचं प्लास्टिक वितळून टाकीच्या नव्या रंगावर टपकलं. मी हात मागं घेतला तेव्हा चारही फ्यूज शाबूत होते. चारही! मी झाकण उघडून पाहिले.

फ्रेम पावडर कोटिंग करून आली होती. काळीभोर, गुळगुळीत, आणि तो रंग वीज जाऊ देत नाही. सेल्फची जाड केबल बॅटरीतून रिलेत आणि रिलेतून थेट सेल्फला जाते, तिच्यावर फ्यूज नसतोच, कारण सेल्फ शंभरावर अँपिअर ओढतो. गेलेल्या करंटला परत यायला वाट लागते, आपण दुकानात तिला अर्थ म्हणतो. इंजिन आणि बॅटरीच्या मध्ये मी रंग ठेवला होता, म्हणून करंट क्लचच्या केबलीतून परत आला. "सर्किट पूर्ण पाहिजे" हे वाक्य मी दर जूनमध्ये फळ्यावर लिहिते.

सोमवारी तू आलास, केबल पाहिलीस, टाकी पाहिलीस, मग माझ्याकडं पाहिलंस. "काय वं, क्लचवर चहा मांडला होता काय?" एवढंच. तेवढ्यात बाबा काठी टेकत आले. अर्धांगानंतर त्यांचा डावा हात काम देत नव्हता, पण डोळे घारीचे. "हे कोनं केलं?"

मी तोंड उघडलं होतं, सलीम. खरंच उघडलं होतं. तू आधी बोललास.

"म्याच, उस्ताद. अर्थ राहून गेला."

मला वाटलं आता आभाळ कोसळेल. बाबा स्टुलावर बसले आणि म्हणाले, "होते बाप्पा. माह्याकडूनबी झालतं." आणि मग त्यांनी तुला त्यांच्या तरुणपणची गोष्ट सांगितली. एका डॉक्टरची जीप त्यांनी कशी पेटवली, डॉक्टर धोतर सावरत कसा पळाला, आणि त्यांच्या उस्तादानं त्यांना दिवसभर उन्हात अर्थच्या पट्ट्या घासायला कसं बसवलं. तुम्ही दोघं हसत होता. चहा आला. ती गोष्ट मी कधीच ऐकली नव्हती. चूक माझी होती आणि तिच्याबद्दल बाबांची गोष्ट तुला मिळाली!

संध्याकाळी मी तुला गाठलं. "काहून सांगितलं असं?"

"तुले बोलले असते तर तू फिरून दुकानात आली नसती."

मी म्हटलं, "मला तुझी मेहेरबानी नको." अकरा दिवस मी दुकानाकडं फिरकले नाही. बाराव्या दिवशी तू कॉलेजच्या गेटवर उभा होतास, वर्तमानपत्रात गुंडाळलेली माझी फ्यूजची पेटी घेऊन. पोरं बघत होती. "हे घे तुझं दप्तर. गाडीत एकच फ्यूज राहीन. बात खतम."

"बात खतम नाही," मी म्हटलं.

"मंग ये अन् भांड."

मी आले. टाकी पुन्हा रंगवून आली, क्लचची केबल नवी पडली, तू इतर गाड्यांच्या गर्दीत ती वायरिंग थोडी थोडी पुढं नेत राहिलास, आणि आपण एक विरुद्ध चार यावर सगळा पावसाळा भांडलो. तू घराकडं निघतानाही, "एक," म्हणायचास. मी, "चार." मग तू एका सकाळी शटर वर करता करता खाली बसलास, तो उठलाच नाहीस. भांडण तसंच राहिलं.

तुझ्या जनाज्याला बाबा गेले. मी आणि तुझी बायको, नसरीनभाभी, तुमच्या घरात होतो, बायांना तिकडं जायचं नसतं. बाबा काठीवर कब्रस्तानापर्यंत चालत गेले, कोणाच्या गाडीवर बसले नाहीत. तुला तीन मुठी माती दिली आणि घरी आले. आई तांब्या घेऊन उभी होती, पण त्यांनी संध्याकाळपर्यंत हात धुतले नाहीत. उजव्या हाताच्या नखांत माती होती. जन्मभर मला सांगणारा माणूस, हात काळे करू नको म्हणून. सांगायला लाज वाटते, पण तुझ्याशी कधी गोड बोलले नाही तर आता काय बोलू? मला त्या मातीचा हेवा वाटला. मी मेले असते तर बाबा रडले असते, खूप रडले असते. पण ते असे बसले असते का, हे मला ठाऊक नाही.

दहा दिवसांनी शेठजी आले. चांगला माणूस. बराच वेळ तुझंच बोलले. मग हळूच म्हणाले, "गाडी नागपूरला पाठवू का? पडून राहिली तर पुन्हा उंदीर."

बाबा म्हणाले, "पाठवा. आता अठी कोन हाय?"

मी तिथंच बाकावर बसले होते.

"मी करते," मी म्हटलं.

बाबांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. "हे फळ्यावरचं काम नाही वं."

नागपूरचा टेम्पो आला असता तर तुझं अर्धं काम दुसऱ्या कोणाच्या हातात गेलं असतं, आणि मी मरेपर्यंत त्या बाकावर बसले असते. मला ते स्वच्छ दिसलं. आणि हेही दिसलं की जे काम मी तुझ्या नावावर लपवून ठेवलं होतं, ते आधी उघड केल्याशिवाय मला गाडीला हात लावायचा हक्क नाही.

"फळ्यावरचं नाही हे मला माहीत आहे, बाबा. ती क्लचची केबल मी जाळली. सलीमनं नाही. टाकीचा रंग पण मीच खराब केला, शेठजी."

शेठजी टाकीकडं बघायला लागले. बाबांना आधी राग आला तो तुझा. "सल्या मले खोटं बोलला?" असं ते दोनदा म्हणाले. तोंड इतकं पडलं त्यांचं की मला वाटलं मी फार वाईट केलं. मेलेल्या पोराला त्यांच्या नजरेतून उतरवलं. मी म्हटलं, "माझ्यासाठी बोलला. मला दुकानात येता यावं म्हणून."

मग माझी पाळी आली. काय सांगू तुला, सगळ्या बाजारात ऐकू गेलं असेल.

"नव्या रंगावर अर्थ बांधतं? रंगावर? अन् पोरायले काय शिकवतं मंग कॉलेजात, भजे तयाले? डिगरी घेतली, अन् करंट वापस कुठून येईन हे पाह्यलं नाही? चार फ्यूज लावले म्हणे! चार लाव, चाळीस लाव, सेल्फच्या केबलीले त्याचं काय घेनं-देनं?"

शेठजींना हसू आवरेना. मी उभी राहून सगळं ऐकून घेतलं. एकही शब्द खोटा नव्हता. शेवटी बाबांनी काठी जमिनीवर आपटली. "उद्या चार वाजता येजो. साडी नेसून येऊ नको. अन् शेठजी, आठ दिवस थांबा."

मी तुझ्या टेबलाशी बसले. बाबा स्टुलावर. तुझी वायरिंग वाचायला मला दोन दिवस लागले, आणि इथंही जळलेच मी. प्रत्येक वळणाला तू वायर थोडी सैल सोडली होतीस, हँडल वळलं की ओढ पडू नये म्हणून. माझ्या त्या सुंदर कामात मी ती ताठ बांधली होती. वर्षा-दोन वर्षांत आतल्या आत तुटली असती. फ्रेमवर अर्थची जागा तू आधीच खरवडून ठेवली होतीस, वर ग्रीस आणि त्यावर काळी टेप. टेप काढली तर ग्रीसवर तुझ्या अंगठ्याचा ठसा होता. तो मी पुसला आणि केबल बसवली. काम होतं ते.

पाचव्या दिवशी बटन दाबलं. एकच टक.

"बॅटरी," बाबा म्हणाले.

"नाही. बॅटरी भरलेली आहे." तुझ्यासारखा कान मला नाही, पण मीटर आहे. त्याची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी इंजिनच्या अंगाला, आणि पुन्हा बटन दाबलं. दोन्ही जागा एकच असायला हव्यात, मीटरनं शून्याजवळ राहायला हवं.

बाबा पुढं वाकले. "किती दाखवते?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला आकडा विचारला. माझे मार्क त्यांनी कधी विचारले नव्हते.

"दोन पॉइंट चार व्होल्ट."

"मंग?"

"मग वाटेत अजून कुठंतरी रंग आहे. फ्रेमवर सलीमनं काढला, पण इंजिन जिथं फ्रेमवर बसतं तिथं राहिलाय."

बाबांनी टेबलावरचं ब्लेड उजव्या हातानं माझ्याकडं सरकवलं. "खरवड."

इंजिनचे बोल्ट काढून तिथला नवा रंग मी पत्रा चमकेपर्यंत खरवडला. शिवाय बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनला एक जाड पट्टी वेगळी टाकली. ग्रीस लावलं, आवळलं. हात मनगटापर्यंत काळे झाले. बाबांनी पाहिलं आणि बटनाकडं बोट केलं. पुन्हा बटन दाबलं तेव्हा मीटरचा आकडा जागचा फारसा हलला नाही, सेल्फ मोकळा फिरला, आणि दुसऱ्यांदा चोक ओढून दाबल्यावर दोन्ही सिलिंडर लागले. बाबांनी बराच वेळ गाडी बंद करू दिली नाही.

आता फ्यूजचं. मेन फ्यूज तुझाच ठेवला. पंधरा अँपिअरचा, काचेचा, एकच, कंपनीनं दिला त्या जागी. पण हेडलाइटची वायर त्याच्या आधीच फोडून तिला दहाचा वेगळा फ्यूज दिला आहे, सीटखाली, कोणाला दिसणार नाही असा. इथं मी तुझं ऐकलेलं नाही. रात्रीच्या रस्त्यावर ट्रक समोर असताना शेठजींचा दिवा जायला नको, मग आजी कशी का दिसेना. तू चिडला असतास. चीड. एकाला चार म्हणत होते, दोनवर आले. तूही एक पायरी खाली ये.

चूक तू अंगावर घेतलीस त्याचे आभार मी मानले नाहीत. मनात आले होते, पण ओठांवर आलं ते दुसरंच. मला वाटायचं तू मला लहान केलंस. बाबा हातचे जातील ही भीती तुलाही असेल, खोटं बोलून तूही काहीतरी डावावर लावलंस, हे मला सुचलंच नाही. आभार, सलीम. उशिरा म्हणतेय. हेवा मात्र आहे तसा आहे, तो कमी झाला असं समजू नको.

काल शेठजी गाडी न्यायला आले. बटन दाबून त्यांनी ती सुरू केली, बसस्टँडपर्यंत जाऊन आले आणि बाबांना विचारलं, "लोकांनी विचारलं तर कोणाच्या हातची सांगू?"

"अर्धी सल्याची," बाबा म्हणाले, "अर्धी हिची."

अर्धी! मला लागलं, आणि हिशेब बरोबर आहे हेही कळलं. शेठजींनी हेल्मेट घातलं आणि पुन्हा बटन दाबलं.

गाडी बटनावर सुरू होते. तिची वायरिंग आपल्या दुकानात पुरी झाली, आणि ती मी पुरी केली.

— वंदना